दुकान वाढवल्यावर

चाळीस वर्षं रात्री आठला दुकान वाढवलं,
कुलूप तीनदा ओढून पाहिलं
आणि रामबागेत घरी.
माझ्याच ओट्यावर नंतर कोण बसतं
मला कधी दिसलं नाही.
सकाळी यायचो तर शटरपाशी भुट्ट्याच्या किसाचा एखादा द्रोण,
जिरावणाचा वास,
आणि कमलकिशोरचा पोरगा बादली घेऊन,
धुऊन देतो बाबूजी, धुऊनच राहिलो.

आयिया नापा.
नाव शाल्मलीनं दोनदा म्हणून दाखवलं.
ती लिमासोलला, जहाजांच्या कंपनीत हिशेब बघते.
म्हणाली, बाबा, समुद्र बघा तरी एकदा,
दोन रात्रींचं स्वस्तात मिळतंय.
आमच्याकडे नर्मदासुद्धा नळातून येते, एक दिवसाआड,
मी म्हटलं, बघू.

स्वस्त का, ते रात्री कळलं.
खिडकीची काच थरथरत होती
काट्याचं पारडं माशी बसल्यावर थरथरतं तशी.
कानात कापूस घातला, वरून मफलर.
दीड वाजता उठलो, बंडी चढवली, खाली उतरलो.

बाप रे.
एवढा उजेड आमच्याकडे फक्त धनत्रयोदशीला,
तोही गिऱ्हाइकासाठी.
इथे कुणी काही विकत नव्हतं असं नाही,
पण घेणारे मोजत नव्हते.
एकानं माझ्या टोपीला सलाम ठोकला.
दोघी-तिघी गळ्यात पडून फोटो काढून गेल्या,
त्यांना वाटलं असणार, हाही कार्यक्रमातलाच.
कवळी लावलेली होती, नशीब.

पुढे फुटपाथच्या कडेला एक मुलगी,
सँडल हातात, रडत होती.
काय विचारणार. तिची भाषा मला नाही, माझी तिला नाही.
बंडीच्या खिशात लौंग शेवेची पुडी होती, ती पुढे केली.
तिनं चिमूटभर खाल्ली.
मग तिखट लागलं
आणि ती वेगळ्या कारणानं रडायला लागली.
पाणी आणून दिलं. तेवढं जमलं.

पहाटे गाणी थांबली
तेव्हा समुद्र ऐकू आला,
म्हणजे तो रात्रभर तिथंच होता.
वाळूवर एक म्हातारा,
कानाला यंत्र, हातात लांब दांडा,
दांड्याच्या टोकाची थाळी जमिनीलगत फिरवत.
मी लगेच ओळखला.
झारेकरी!
आमच्या गल्लीतला रमजू हेच करतो,
उजाडायच्या आत गटारीचा गाळ खरवडून नेतो,
आमच्या कानशीतून उडालेलं सोनं धुऊन काढतो.
चाळीस वर्षं मी त्याला कचरावाला समजलो नाही,
पण नमस्कारही केला नाही.

म्हाताऱ्यानं मूठ उघडली:
नाणी, एक किल्ली, बाटलीची झाकणं, अंगठी.
अंगठी मी सवयीनं उजेडाकडे धरली.
आत पाचशे पंच्याऐंशी.
बोटांनी दाखवलं, एक, मग चार.
त्यानं मान हलवली. त्याला माहीत होतं.
आत नावही होतं, माझ्या चष्म्याला लागेना.
कुणाची म्हणून विचारलं, खुणेनं.
त्यानं सगळ्या किनाऱ्यावरून हात फिरवला.

मंगळवारी इंदूर.
आठ वाजले. नोकरानं शटर ओढलं.
म्हटलं, तू जा, मी जरा बसतो.
चपला काढल्या आणि बसलो,
माझ्याच ओट्यावर, माझ्याच पाटीखाली, गिऱ्हाइकासारखा.
नऊला कढया आल्या, दहाला माणसं,
अकराला पाय ठेवायला जागा नाही.
कमलकिशोर म्हणाला, बाबूजी, किल्ली हरवली काय?
द्रोण दिला. पैसे घेईना.
कीस गोडसर होता. खोबरं फार.
कुणाचं तरी पोर माझ्या मांडीला टेकून झोपलं होतं
आणि कुणाचं ते मी विचारलं नाही.

साडेअकराला शाल्मलीचा फोन.
बाबा, एवढा गलका कसला? कुठे आहात?
दुकानात.
आत्ता? दुकान बंद असतं ना तुमचं?
हो, म्हटलं.
वाढवलंय.