खालची फळी

योर्लादिस वरच्या फळीवरचे डबे
कमरेच्या उंचीवर आणते आहे.
मीठ, मसूर, कॉफी, गुळाची ढेप.
ऑपरेशननंतर सहा आठवडे हात वर जाणार नाहीत.

सिगारेट सुटून एकोणीस दिवस झाले.
ॲस्पिरिन बंद. लसणाच्या गोळ्याही बंद.
रात्री उताणं झोपायचा सराव,
दोन्ही कुशींना उशांचा पहारा
आणि छातीवर तेच ओझं,
तेराव्या वर्षी न मागता मिळालेलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, कशासाठी?
तिनं पाठ सांगितली,
खांद्यांवरचे पट्ट्यांचे चर दाखवले.
तेही खरंच.
पण मेदेयीनच्या चढावर बस सुटताना
आपण धावलो तर
कुणी बसकडे बघत नाही,
हे नाही सांगितलं.

समोरून उघडणारं काहीतरी घाला,
असं कागदावर लिहिलंय.
घरात तसा एकच शर्ट,
एवेलियो निघून जाताना विसरलेला.
तिनं तो दोनदा धुतला.
एक बटण लोंबत होतं,
ते घट्ट शिवलं.

मध्यरात्रीनंतर पाणीही नाही.
अजून तासभर आहे.
रिकाम्या वरच्या फळीवरून
ती ओलं फडकं फिरवते,
चवड्यांवर उभी राहून,
हात जातील तितके वर.