फरक स्पष्ट करा

फेब्रुवारीत ईरीचं सरोवर काठाशी गोठतं
आणि दहावीच्या वर्गात तुलनेचा निबंध येतो.
फळ्यावर मी दोन वर्तुळं काढते, एकमेकांत थोडी घुसलेली.
दुसरं नेहमी बटाट्यासारखं होतं.
मुलं हसतात. हसू देते.

डावीकडे एकाचं, उजवीकडे दुसऱ्याचं,
मधल्या जागेत दोघांचं सारखं असेल ते.

बार्शीला आम्हाला मधली जागा नव्हती.
फूटपट्टी धरून उभी रेघ,
धातू इकडे, अधातू तिकडे,
खरीप इकडे, रब्बी तिकडे,
कोणतेही पाच.
सहावा मुद्दा मोहोळकरबाई वाचतसुद्धा नसत.

“माहितीपर आहे,” मी बजावते.
“कोणतं चांगलं, कोणतं वाईट, ते सांगायचं नाही.
‘मला वाटतं’ नको. ‘मी’ तर नकोच नको.”
सेल्मा होजिच हात वर करते:
मग लिहितंय कोण?
प्रश्न चांगला आहे. त्याला गुण नाहीत.

शुक्रवारी गठ्ठा घरी आणला.
चौघांनी कुत्रा आणि मांजर.
एकाने दोन कंपन्यांचे ट्रक,
त्यात बापाच्या ट्रकची बाजू उघड घेतलेली.
आणि तळाशी वेस्ली प्रुईट, पेन्सिलीने, दीड पान:
दोन मायक्रोवेव्ह.

पहिला मायक्रोवेव्ह ईस्ट अव्हेन्यूवर आहे.
दुसरा टायरच्या दुकानाच्या वर, मागच्या जिन्याने.
पहिल्यात काचेची ताटली फिरते.
याउलट, दुसऱ्यात ती फिरत नाही,
म्हणून मॅकरोनी मध्येच काढून हाताने वळवावी लागते.
पहिला सोमवार ते गुरुवार वापरतात.
याउलट, दुसरा शुक्रवार ते रविवार.
पहिल्याचं घड्याळ नोव्हेंबरपासून एक तास पुढे आहे.
मार्चमध्ये ते आपोआप बरोबर होईल.
याउलट, दुसऱ्यावर नुसती शून्यं लुकलुकतात.

जोडशब्दांना चार गुण होते, चारही दिले.

मग साम्याचा परिच्छेद, दोनच वाक्यांचा.
अन्न गरम झालं की दोन्ही तीनदा वाजतात.
त्याचप्रमाणे, दोन्हीकडे ते बंद करायला मीच उठतो.

मी.
हिरवं पेन उचललं
(लाल शाळेत चालत नाही, मुलं खचतात म्हणे)
आणि त्या अक्षराभोवती वर्तुळ काढलं.
तेही बटाट्यासारखंच.
समासात पुढे काय लिहावं सुचेना.

घरोघरी मातीच्या चुली, असं आई म्हणायची,
शेजारच्या सुनेचं रडणं भिंतीतून आलं की.
ती तुलना नव्हतीच कधी.
ती समजूत होती,
आणि तीसुद्धा आमचीच, त्या सुनेची नव्हे.

निबंधाला शेवट नव्हता.
सोमवारी तास संपल्यावर त्याला थांबवलं.
“निष्कर्ष कुठे, वेस्ली?”
“कोणता चांगला ते लिहायचं नव्हतं ना?”
“नव्हतं. पण सुरुवातीला म्हटलं तेच पुन्हा,
वेगळ्या शब्दांत.”
“तेच पुन्हा?”
“हो.”
त्याने दप्तराचा बंद दातात धरला, हातमोजे चढवले.
“बुधवारी मी नाहीये. कोर्टात जायचंय.
तिथल्या बाई तेवढंच विचारणार.”
“तेवढंच म्हणजे?”
“कोणतं.”

बाहेर पिवळ्या बसची इंजिनं सुरू होती.
वीस वर्षं हा निबंध शिकवते आहे मी,
दोन्ही बाजूंना सारखी जागा द्या,
एकीकडे झुकू नका, झुकलात की गुण जातात.
या मुलाने तीन मुद्दे मोजून इकडे लिहिले,
तीन मोजून तिकडे,
पारडं केसभरही हललं नाही.
इतकं समतोल लिहिणारा माझ्या वर्गात
आजवर कुणी नव्हता,
आणि मी त्याला कागद दाखवून शेवट मागत होते.

निष्कर्षाच्या चौकटीत मी आकडा घातला नाही.
शून्यही नाही.

दारापर्यंत जाऊन तो वळला.
“घड्याळाचं लिहिलंय ना, मार्चमध्ये बरोबर होईल म्हणून,
ते मत नाही ना होत? गुण जातील?”

“नाही,” मी म्हटलं.
“ती माहिती आहे.”