गोडी छाटणी

येडशीचा घाट संपला की डावीकडे वळा,
असं फोनवरच्या पोरानं सांगितलं होतं.
वळलो. स्कूटीला चढ झेपेना,
महानंदा उतरली, उरलेलं पायी आली,
चपला हातात घेऊन.
नव्या होत्या. पायाला खडी टोचली तर टोचू दे,
चपला झिजायला नकोत.

बालाघाट इथं फार उंच होत नाही.
तव्यावर टाकून कुणी विसरून गेल्यासारखा
सपाट, कडेनं करपलेला.
खाली करडईचं काटेरी पिवळं,
आणि त्याच्या अलीकडं तारांवर ताणलेल्या वेली,
पी.टी.च्या तासाला उभी केलेली पोरं जशी,
दोन्ही हात बाजूला.

लेकीनं पुण्याहून बुकिंग केलं होतं,
लग्नाला तेहतीस वर्षं झाली म्हणून.
मी म्हटलं, आपण काय करायचं तिथं?
माझी सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात,
बाटलीशी संबंध जंताच्या औषधापुरता.
ही म्हणाली, पैसे भरलेत ना पोरीनं?
मग जायचं.

सरफराज नावाचा मुलगा, नळदुर्गचा,
चार पेले मांडून बसला.
आधी फिरवा, मग वास घ्या, गडबड नाही.
मावशी, काय आठवतंय?
उत्तरं कार्डावर छापलेली होती,
पेरू, लवंग, कसलंसं विलायती फळ.
हिनं पेल्यात नाक घातलं, डोळे मिटले.
"गोणपाट."
तो हसला नाही. कसलं गोणपाट, म्हणाला.
"ओलं. बागेत सावलीला टाकलेलं.
त्याच्यावर बसून आम्ही भाकरी खायचो."

कुठल्या बागेत, हे मी विचारलं.
तेहतीस वर्षांत पहिल्यांदा.

काटीच्या. लग्नाआधीचे तीन हंगाम.
मग तीच सांगत राहिली,
विरळणीची कात्री कुठल्या बोटात धरायची,
मणी लांबावा म्हणून घड
औषधाच्या मगात कसा बुडवायचा,
संध्याकाळी कोपरापर्यंत हात कसे चिकट.
आणि मुकादम. घड उचलून बघायचा,
बारका मणी राहिलेला दिसला की आठ आणे कट.
बारकं कोण खातंय, म्हणायचा.

सरफराज तिला वेलीपाशी घेऊन गेला.
काळे घड, मणी हरभऱ्याएवढे, दाटीवाटीनं.
"अरं, ह्याची विरळणी केलीच नाही कुणी?"
"वाईनला बारकाच मणी लागतो, मावशी.
रस कमी, साल जास्त.
चव सालीत असती."

ती घड हातात धरून उभी राहिली.
तोडला नाही, तळहातावर नुसता तोलला.
मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलेल.
म्हणाली,
"साडेतीन रुपये कापले होते त्यानं. एकूण."

परत येताना बांधावर तिनंच मला सांगितलं
की वेल वर्षातून दोनदा छाटतात.
एप्रिलात खरड छाटणी, सगळं साफ,
नुसता खुंट उरतो, कापल्या जागी पाणी गळतं,
वेल रडली म्हणतात.
मग पाऊस ओसरला की गोडी छाटणी.
फळ तिला येतं.
मी मनातल्या मनात आमची वर्षं लावून बघू लागलो,
ही खरड, ही गोडी.
भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात काढलेल्या
पहिल्याच वर्षाशी अडकलो.
ते कुठं टाकावं कळेना. सोडून दिलं.

पेल्यांचं राहिलंच.
पहिला तुरट, दुसरा त्याहून तुरट,
तिसरा तिनं संपवला, मग माझाही.
चौथ्याला नको म्हणाली, उन्हात जायचंय.

उतारावर स्कूटी बंद करून सोडली.
एरवी ती मागची दांडी धरून बसते.
घाट संपेपर्यंत हात माझ्या खांद्यावर होता.
मी काही बोललो नाही, बोललो असतो तर काढला असता.

येताना तिनं एक बूच मागून आणलं.
आता ते करडईच्या तेलाच्या बाटलीला आहे,
अगदी बेतून केल्यासारखं बसलंय.
ती शेजारी गेली की मी कधी कधी
काढून हुंगतो.
तेलाचाच वास येतो,
आणि थोडा गोणपाटाचा.