अर्धा थेंब

स्ट्रुइसबाईच्या धक्क्यामागे, बर्फाच्या कारखान्याला खेटून
एक निळं दार आहे. पाटी नाही.
ज्याला गरज असते त्याला ते सापडतं.

मी गेलो तेव्हा जून होता, वायव्येचा वारा,
होड्या तीन दिवस बांधलेल्या.
कोटाच्या आत रीळ होतं, आणि रीळ माझं नव्हतं.
थोरल्याचं. न विचारता नेलेलं,
लाटेत पडलेलं, वाळूत लोळलेलं,
आणि मग चूक धुऊन निघावी म्हणून
अंगणातल्या पाइपाच्या जोरदार धारेत धरलेलं.

मॅग्डा मार्थिनस, वय एकोणसत्तर.
तीस वर्षं डबाबंद माशांच्या कारखान्यात यंत्रापाशी;
डावा कान तिथेच राहिला, उजवा निघण्याच्या तयारीत.
"फेकताना रडतं," मी म्हणालो.
तिने माझे ओठ पाहिले.
"रडत नाही. दळतं."

टेबलावर जुना टॉवेल अंथरला,
बारीकसारीक काही उडी मारून पळू नये म्हणून.
तीन स्क्रू. बाजूचं झाकण. स्पूल.
मग बेअरिंग, तिच्या करंगळीच्या नखाएवढं.
सुईने तारेची कडी उचलली, चकती काढली:
आत सात गोळ्या, मोहरीहून जरा मोठ्या,
आणि गोळ्यांच्या मधे मीठ.

"धारेत धरलंस?"

मी काही बोललो नाही. तिला ते ऐकू आलं.

"धार मीठ काढत नाही रे, आत ढकलते.
ओल्या फडक्याने पुसायचं, हळू,
तापातल्या पोराचं अंग पुसतात तसं."

जॅमच्या बरणीच्या झाकणात लायटरचं पेट्रोल ओतलं.
ते तांबूस झालं. दुसरं झाकण. तिसरं.
वाळल्यावर बेअरिंग पेन्सिलीच्या टोकावर चढवलं,
पेन्सिलीचं दुसरं टोक दातांत धरलं,
टिचकी मारली
आणि डोळे मिटले.

मी तोवर कोणाचा जबडा ऐकताना पाहिला नव्हता.
फिरणं मंदावलं, थांबलं,
तरी ती तशीच बसून होती.
"पाचवी गोळी. खड्डा पडलाय," ती म्हणाली.
(पाचवी कशी कळली ते मी विचारलं नाही. अजून विचारायचंय.)

मोडक्या रिळांच्या डब्यातून दुसरं काढलं.
"हे हेंड्रिकच्या रिळातलं. ते खडकावर फुटलं. हे वाचलं."
पुन्हा पेन्सिल, पुन्हा दात. यावेळी ती हसली.

मी खिशातली तेलाची बाटली पुढे केली.
शिवणयंत्राचं तेल; प्रत्येक रविवारी मी तिचं तोंड
रिळाच्या तोंडाला लावायचो.
"थेंबे थेंबे तळं साचतं," ती म्हणाली,
"पण तळ्यात पळता येतं का?
गिअरला ग्रीस लाव, लोण्यासारखं. त्याला ओझं ओढायचंय.
बेअरिंगला पळायचंय,
आणि पळणाऱ्याला कोणी पोटभर जेवू घालत नाही.
त्याला अर्धा थेंब."

"अर्धा मोजायचा कसा?"

"पूर्ण घे. अर्धा पुसून टाक."

पैसे विचारले तर तिने बर्फ मागितला, दोन पाट्या,
घरी मासा पडून होता म्हणून. मी तिथेच कामाला,
तिला ते माहीत होतं. बहुधा सगळंच माहीत होतं.

रीळ मी गुपचूप खुंटीवर परत टांगलं.

ऑगस्टमध्ये थोरला खडकावर उभा राहिला, अंग मागे झुकवून फेकलं.
दोर गेला. जातच राहिला.
लाटेपलीकडे, जिथे कॉब असतात आणि आमचं शिसं कधी पोचत नाही,
तिथे कुठेतरी थुबकन काहीतरी पडलं.
त्याने रिळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.
मग आमिषाची पिशवी माझ्या हातात दिली
आणि पुढचे दोन तास हवेबद्दल बोलत राहिला.

पण त्या आठवड्यात, स्वयंपाकघराच्या खिडकीत,
आईच्या हिशेबाच्या वहीशेजारी
मला एक पेन्सिल दिसली. पिवळी, आखूड.
तिच्या एका टोकाला तेलाचा पुसट वेढा होता,
दुसऱ्या टोकाला दातांचे व्रण,
आणि ते माझ्या दातांचे नव्हते.