एक हजार एकशे चाळीस ग्रॅम

औलू शहरात जानेवारीचा सूर्य
सकाळी दहानंतर कधीतरी डोकावतो
आणि अडीचच्या आत निघून जातो,
मन न लागलेल्या पाहुण्यासारखा.
राइया कोस्केलाला त्याचं सुखदुःख नाही.
ती तळघरात काम करते,
उणे ऐंशीच्या फ्रीजरांच्या घरघरीत.

आज टेबलावर हिल्या आहे.
हिल्या म्हणायचं नाही, नावाला इथे बंदी.
एक क्रमांक, आणि काट्यावर
एक हजार एकशे चाळीस ग्रॅम.
पण क्रमांकाआधीची सोळा वर्षं,
दर मार्चमध्ये, वरच्या मजल्यावर
तिला पाच शब्द सांगणारी राइयाच होती:
चमचा, बर्च, पाळणा, मीठ, पूल.
नंतर घड्याळ काढायचं. अकराला दहा कमी.
नंतर, सांगा बघू, कोणते होते ते शब्द?

हिल्या पाचही शब्द ओळीने म्हणायची,
पाकिटं वाटल्यासारखे.
आणि मग, "हे तुझे झाले, पोरी. आता माझे ऐक."
चौतीस वर्षं टपाल वाटलेल्या वाटेवरची घरं,
फाटकं, आणि फाटकाफाटकातली कुत्री:
मुस्ती, रेक्कू, तिसऱ्या घरातली चावरी पेन्नी.
फॉर्मवर कुत्र्यांसाठी रकाना नव्हता.
राइया समासात लिहायची, पेन्सिलीने.

दोन वर्षांपूर्वी राइयाने खाली बदली मागितली.
कारण विचारलं, तर म्हणाली,
प्रश्न विचारून घसा बसतो.

आता चकत्या. मुंगीच्या पायाहून पातळ.
रंग चढतो, काच सरकते,
आणि दुर्बिणीत दिसतात
ठिपकेच ठिपके, तपकिरी, पावलोपावली,
पेशींच्या आत धाग्यांचा गुंता,
सोडवायला बसावं तर जन्म पुरणार नाही.
डॉक्टर सामुली चष्मा कपाळावर सरकवतात.
"या बाईला स्वतःचं नाव आठवायला नको होतं."
मागच्या मार्चमधले गुण: तीसपैकी अठ्ठावीस.
ते पुन्हा बघतात. पुन्हा अठ्ठावीस.
"राखीव साठा," ते शेवटी म्हणतात.
कसला साठा, कुठे ठेवलेला,
हे अजून कुणालाच नीट ठाऊक नाही.
राइयाला कुत्री आठवतात. ती बोलत नाही.

आठवण येते.
म्हणजे तिला पाय असणार, आणि कुठलंसं घर,
जिथून ती निघते.
विसर पडतो.
पडतो म्हणजे वरून, आवाज न करता,
आधी कडांवर, मग पायऱ्यांवर,
आणि सकाळी दार उघडावं
तर अंगण ओळखू येत नाही.

ओस्सीचा स्कॅन तिने स्वतः पाहिलाय.
"वयाच्या मानाने छान," लिहिलंय त्यावर.
एकसष्टचा ओस्सी.
छान.
दोन मेंदू शेजारी ठेवायचे नाहीत,
एवढं एकच पथ्य तिने पाळलंय,
आणि आज दुर्बिणीवर वाकलेली असताना
तेही मोडलं.

चार वाजता ती घरी पोचते, काळोखात.
ओस्सीने बर्फ उपसलाय.
दारापासून तळ्यापर्यंत सरळ वाट,
दोन्ही कडा फावड्याने तासलेल्या,
सुताराचा हात अजून शाबूत.
वाट सौनाकडे जाते.
सौना अकरा वर्षांपूर्वी जळाली.
राख दोघांनी मिळून उचलली होती,
तेव्हा तोच म्हणाला होता, राहू दे, परत नको बांधूया.

राइया बूटसुद्धा बदलत नाही.
वाटेने चालत जाते, टोकापर्यंत.
तिथे जोत्याचे चार दगड, पलीकडे गोठलेलं तळं,
आणि ओस्सी, खांद्यावर दोन टॉवेल.
"किती उशीर," तो म्हणतो, "दगड तापले असतील एव्हाना."

ती दुसरा टॉवेल
त्याच्या खांद्यावरून काढून घेते.