गुरुवार, पावणेचार

पीटरहेडच्या ग्रंथालयात रेडिएटर दोन.
एक तापतो, दुसरा नुसता कण्हतो.
मुलं कण्हणाऱ्याला टेकून बसतात.
का, विचारलं तर एफी म्हणाली,
तो निदान प्रयत्न करतोय.

आठ खुर्च्या, नऊ मुलं,
आणि भांडण जमिनीवरच्या जागेसाठी.

पुस्तक म्हणजे एका पोराची रोजनिशी.
शाळेच्या नाटकात तो झाड होतो,
झाडाला शिंक येते, राजाची मिशी उडते,
आणि पुढची साठ पानं सगळं गाव मिशी शोधतं.
शाळेतल्या मिसेस स्ट्रॅकन याला वाचन म्हणत नाहीत.
त्यांना एकदा बोलावलं.
अकरा पानं त्या कोट न काढता बसल्या.
बाराव्याला त्यांच्या नाकातून चहा आला.
नंतर आल्या त्या मत द्यायला नाही,
पुढचा भाग न्यायला.

हसणारी खोली सांभाळायला
मला कुणी शिकवलं नव्हतं.
एकोणतीस वर्षं मी बोट ओठांवर ठेवण्याचा पगार घेतला.
आता स्ट्रुअन वाचायला उभा राहतो,
विनोद येण्याआधी स्वतःच फुटतो,
आणि उरलेलं वाक्य
रुतलेल्या गाडीसारखं आम्ही सगळे मिळून ढकलतो.

शेवटची दहा मिनिटं प्रत्येकानं आपल्या तीन ओळी लिहायच्या.
खोटं चालेल.
वार मात्र खरा हवा.

एफीच्या आजीची कवळी सीगलनं पळवली,
दोनदा.
स्ट्रुअन तीनऐवजी पंधरा लिहितो,
त्यातल्या बारा पादण्यावर,
आणि त्यातही शुद्धलेखनाच्या चुका.

डोमान्तास क्लायपेडाहून आला मार्चमध्ये.
आई मासळीच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
त्यानं लिहिलं:
गुरुवार. काही घडलं नाही.
पुढच्या वेळी:
गुरुवार. काही घडलं नाही.
मी मनाशी म्हटलं, भाषा नवी आहे, लाजतोय बिचारा,
आणि त्याच्या बशीत एक बिस्किट जास्त ठेवलं.

चौथ्या वेळी त्यानं वही उघडली मात्र,
खोली आधीच खुसखुसू लागली.
त्यानं वर पाहिलं नाही.
पान नीट केलं. पेन्सिल कानामागे खोचली.
एक श्वास जास्त थांबला.
मग वाचलं.
ओना खुर्चीवरून खाली घसरली,
आणि मला उमगलं,
हा लाजत नाहीये,
वेळ साधतोय.
बिस्किटं मात्र मी बंद केली नाहीत.

नोव्हेंबरात वादळाचा इशारा आला, गुरुवारी सगळं बंद.
म्हणून आम्ही बुधवारी जमलो, पाचच जण.
बंदरात बोटी एकमेकींना घासत होत्या,
त्या आवाजापुढे आमचा रेडिएटर गप्प.
डोमान्तास उठला.

गुरुवार. काही घडलं नाही.
बाईंचं बिस्किट चहात पडलं.
बाईंनी ठरवलं की कुणी पाहिलं नाही.
मग त्यांनी चमच्यानं शोधलं, पण ते गेलं होतं.
बाई हळूच कपाला सॉरी म्हणाल्या.

पाचही तोंडं माझ्याकडे वळली,
गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी,
परवानगीसाठी थांबलेली.
माझं बोट सवयीनं ओठांपर्यंत गेलं,
आणि ओठ जागेवर नव्हते.

बऱ्याच वेळानं, डोळे पुसून,
मी चष्मा चढवला, बाईंसारखी बसले.
म्हटलं, डोमान्तास, छान आहे,
पण आज बुधवार.
नियम काय आहे आपला?

त्यानं वही पुन्हा वाचली, ओठ हलवत.
एफीकडून खोडरबर घेतलं.
'काही घडलं नाही' एवढंच
सावकाश, कागद फाटू न देता खोडलं.
भुगा फुंकरीनं उडवला.

'गुरुवार' तसाच ठेवला.