शिक्का

मंडळीच्या कचेरीतला शिक्का माझ्या ताब्यात असतो.
गोल, रबरी. कडेला झिजलाय,
त्यामुळे क्रूसाचा उजवा हात तुटका उमटतो.
बाप्तिस्म्याचे दाखले, लग्नाची पत्रं, उपदेशकांचे परवाने :
बिशपांच्या सहीखाली मी दाबतो
आणि कागदाला अधिकार येतो.

त्या आठवड्यात डोंगराखालून हुकूम आला.
नाकिएते, विधवा, वय सत्तरच्या पुढे, आल्याची शेती.
विनापरवाना शिकवते.
विनापरवाना हात ठेवते.
समज द्यावी, सही घ्यावी.

पारेच्या डोंगरात धुकं असं
की केळीचं पान नाकाशी आल्यावरच पान होतं.
पिशवीत शिक्का, शाईची गादी, कार्बन कागद.
दोनदा घसरलो.

ती पाटात आलं धूत होती.
भोवती बायका, चार पोरं, एक शेळी.
आमचे पाळक बोलायला उभे राहिले
की आधी तीन जर्मन पंडित येऊन बसतात,
मग एक ग्रीक शब्द,
मग घड्याळ.
हिनं आल्याचा गड्डा कट्कन मोडला.
‘वास आला? मोडल्याशिवाय येत नाही.
प्रभूनं भाकर मोडली, तेव्हाचं आता सांगते.’
आणि मी, समज द्यायला आलेला,
पिशवी मांडीवर घेऊन ऐकत बसलो.

तेवढ्यात एलिरेहेमाला आणलं.
नऊ वर्षांचा, दातखीळ बसलेली,
डोळे पांढरे.
तिनं चिखलाचा हात लुगड्याला पुसला, नीट पुसलाही नाही,
त्याच्या कपाळावर ठेवला.
ओरडली नाही. आभाळाकडे बघितलं नाही.
शेळीला कुंपणातून हाकलावं
त्या आवाजात म्हणाली, ‘सोड त्याला.’
आणि बापाकडे वळून :
‘बघतोस काय? माझ्या जावेची सायकल घे,
खाली दवाखान्यात ने.’

‘दवाखान्यात?’ मी म्हणालो.
‘मग? मी काय दुकान मांडलंय?’

शेवटी विचारलंच मी, कागदावर होतं तसं :
हे सगळं कुणाच्या अधिकारानं?
ती म्हणाली, ‘तुला कोणी पाठवलं, कारानी?’
बिशपांनी.
‘त्यांनी सांगितलं, तू चढ चढलास.
गुडघे फुटले तरी आलास.
मलाही सांगणं येतं.
तापालाही येतं.
कधी ऐकतो तो, कधी नाही ऐकत.
नाही ऐकला, तर त्या घरी
मी तीन दिवस भांडी घासते.’

मग तिनं कागद मागितला. सगळा वाचला.
स्वतःच्या नावातली चूक दुरुस्त केली.
खाली छापलं होतं :
मला स्वतःचा कोणताही अधिकार नाही, हे मान्य आहे.
ती हसली, दात थोडेच उरलेले.
‘एवढं खरं तर
तुमच्या कचेरीतून कधी आलं नव्हतं,’ म्हणाली,
आणि सही केली.

पोरगा वाचला.
बाप म्हणतो, दुसऱ्या वळणावरच डोळे उघडले,
पाणी मागितलं.
नर्स म्हणते, सुईनं.
नोंदवहीत एकच रकाना आहे.
मी तो अजून भरलेला नाही.

कागद फायलीत आहे, शिक्क्याविना.
बिशपांची दोन स्मरणपत्रं आली.
शाईच्या गादीला आल्याचा वास येतो,
की मलाच येतो, कोण जाणे.

परवा रात्री बायकोच्या सुजलेल्या घोट्यावर
मी हात ठेवला.
बोललो काहीच नाही.
काय बोलायचं, ते मला कुणी सांगितलेलं नव्हतं.
ती झोपेतच म्हणाली,
गार आहे हात.
राहू दे.